लंडनचं उंटस्वार स्मारक: पाटीवरचे 'इंडियन' नेमके कोण?

नदीकाठ (धागाकर्ता)

लंडनमध्ये टेम्सच्या काठाला, व्हिक्टोरिया एम्बँकमेंट गार्डन्समध्ये इंपीरियल कॅमल कोअरचं स्मारक आहे. पोर्टलंड दगडाचा चौथरा, त्यावर उंटावर बसलेला ब्राँझचा सैनिक. शिल्पकार सेसिल ब्राउन स्वतः याच दलात होता. अनावरण २२ जुलै १९२१ ला झालं. चौथऱ्यावर अर्पणलेख, लढायांची यादी आणि मृतांची नावं आहेत.

मराठी मंडळींच्या पायी फेरीत इथे दहा मिनिटांचा थांबा आहे, त्यासाठी एकपानी माहितीपत्रक करायचं आहे. अर्पणलेखात ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंड आणि इंडियन असे चार उल्लेख आहेत. कायप्पावर (व्हॉट्सअ‍ॅपवर) फिरणाऱ्या मजकुरात मात्र "हे बिकानेरच्या गंगा रिसाल्याचं", म्हणजे तिथल्या संस्थानी उंटदळाचं, "स्मारक" असं ठोकून दिलेलं असतं. ते बरोबर आहे का? नसेल तर हे इंडियन कोण? आणि शिल्पासमोर उभं राहून लोकांना नेमकं काय दाखवावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मोडीवाचक

गंगा रिसाला नव्हे. अर्पणलेखातली सालं पाहिलीत तरी शंका येते: १९१६, १९१७, १९१८. बिकानेरचे उंटस्वार १९१४ च्या शेवटीच सुएझ कालव्यावर हजर होते आणि त्याच नोव्हेंबरात त्यांच्या एका गस्तीची कालव्याच्या पूर्वेला चकमकही झाली होती. इंपीरियल कॅमल कोअर जन्माला आलं जानेवारी १९१६ मध्ये, तेही इजिप्तच्या पश्चिमेकडच्या वाळवंटात सेनुसी या अरब पंथाच्या टोळ्यांशी लढायला. गंगा रिसाला हे संस्थानी दल, महाराजा गंगासिंहांचं. दोन्ही दलं एकाच आघाडीवर होती, उंटही दोघांकडे होते, पण संघटना वेगळ्या.

पाटीवरचे इंडियन म्हणजे हाँगकाँग अँड सिंगापूर माउंटन बॅटरी या तोफखान्याच्या तुकडीचे गोलंदाज. पंजाबी मुसलमान आणि शीख. सहा डोंगरी तोफा, सगळ्या उंटांवर. १९१६ च्या डिसेंबरात कॅमल ब्रिगेड उभी राहिली तेव्हा तिचा तोफखाना हाच.

खडूस_काका

म्हणजे नाव हाँगकाँगचं, माणसं पंजाबची, लढाई पॅलेस्टाइनची आणि स्मारक लंडनला. साम्राज्याचा कारभार एका ओळीत.

वाळूचा_किल्ला

मोडीवाचक यांच्या प्रतिसादाला पुरवणी. ब्रिगेडमध्ये चार बटालियन होत्या. पहिली आणि तिसरी ऑस्ट्रेलियन, दुसरी ब्रिटिश, चौथीत ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडचे मिळून. सोबत मशीनगनवाले आणि ही बॅटरी. सेनापती ब्रिगेडियर जनरल क्लेमंट लेस्ली स्मिथ. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता तो १९०४ मध्ये सोमालीलँडला. गंमत म्हणजे १९०३ मध्ये बिकानेरचे उंटस्वारही सोमालीलँडच्याच मोहिमेवर गेले होते.

पत्रकात एक गोष्ट आवर्जून घाला: हे घोडदळासारखे भाले रोखून तुटून पडणारे लोक नव्हते. उंट फक्त वाहतुकीला. लढाईच्या जागेच्या अलीकडे उतरायचं, उंट बसवायचे, पुढचा गुडघा दोरीनं बांधायचा आणि पायी पुढे जायचं. घोडेस्वार पायउतार झाले की चारातला एक माणूस घोडे धरायला मागे राहतो, म्हणजे पाव बंदुका गेल्या. गुडघा बांधलेला उंट एका जागी बसून राहतो, त्यामुळे गोळीबाराच्या रांगेत जास्त माणसं मिळतात. उंट संथ असूनही सेनापतींना हवासा का वाटायचा त्याचं हे एक उत्तर.

चिंचपोकळीकर

आपल्याकडे सांडणीस्वार म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो खलिता घेऊन धावणारा निरोप्या. हे तर उंटावरचं पायदळ निघालं.

मोडीवाचक

सांडणीस्वार आणि शुतरनाळा (उंटावरच्या तोफा) यांत गल्लत नको. पानिपतावर अब्दालीकडे जंबुरक होते, म्हणजे उंटाच्या पाठीवरच्या खोगिरात फिरत्या आसावर बसवलेली हलकी तोफ. ती उंटावरूनच डागायचे, बहुधा उंट बसवून. हाँगकाँगवाल्या बॅटरीच्या तोफा तशा नाहीत. त्या उतरवून, जोडून जमिनीवरून डागायच्या.

ओतारी

त्या डोंगरी तोफांना स्क्रू गन म्हणत. नळी दोन तुकड्यांत असते, मागचा आणि पुढचा, मधे मोठा नट. एका जनावरावर एक तुकडा, चाकं आणि गाडा वेगळ्या जनावरांवर. तोफखान्यातली कसरत ती हीच: बसलेल्या उंटावरून भाग उतरवायचे, नळीचे तुकडे जुळवून नट आवळायचा, गाड्यावर चढवायचं, चाकं घालायची, दिशा लावायची. नटाच्या आट्यांत वाळू गेली की घोटाळा. तेल लावलेल्या आट्यांना वाळू अधिकच चिकटते, म्हणून वाळवंटात वंगण कमी आणि पुसणं जास्त. खेचरासाठी बेतलेली ओझी उंटावर लादताना तोलही नव्याने बसवावा लागतो. दोन्ही बाजूंचं वजन सारखं नसेल तर पलाण फिरतं आणि मैलाभरात पाठ सोलली जाते.

भटकी_वहिनी

एका उंटावर ओझं किती असायचं, याचा आकडा द्या ना कुणी. लहान मुलं हमखास विचारतात.

वाळूचा_किल्ला

स्वार धरून सुमारे १४५ किलो. हिशेब ढोबळ असा: माणूस ७० च्या आसपास. रायफल ४ किलो. काडतुसं २४०, साधारण ६ किलो. पाणी ५ गॅलन, म्हणजे पावणेतेवीस किलो. उंटासाठी ज्वारीसारखं धान्य ५० पौंड, तेही तितकंच. पाच दिवसांचा शिधा, घोंगडी आणि उरलेलं वजन खोगिराचं. वेग चालीवर ताशी ५ किलोमीटरच्या आत, दुडकीवर त्याच्या दुप्पट.

यातलं पाणी माणसाचं आहे, उंटाचं नव्हे. उंट चार-पाच दिवस काढतो, पण मग एका दमात शंभर लिटरपर्यंत पितो. खरी अडचण विहिरीवर येते. हजार उंटांचं हे प्रमाण धरा आणि पाणी बादलीनं शेंदून काढायचं आहे असं समजा. हल्ल्याची वेळ शत्रूपेक्षा विहिरीच ठरवतात. म्हणून सिनाईत सैन्याच्या मागोमाग सुएझ कालव्याकाठच्या कांतारापासून रेल्वे आणि पाण्याची नळवाहिनी सरकत गेली. पुढे मगदाबा (२३ डिसेंबर १९१६) आणि रफा (९ जानेवारी १९१७) या दोन्ही ठिकाणी दिवस मावळायच्या आत गाव घ्यायचं, नाहीतर पाण्यासाठी मागे फिरायचं, असाच पेच होता.

पेठेतला_पेठकर

हे सगळं ठीक, पण मूळ प्रश्न 'समोर उभं राहून काय दाखवायचं' हा आहे. ज्वारीचा हिशेब ऐकत लोक दहा मिनिटं उभे राहणार नाहीत. (पुणेकर असतील तर राहतीलही, चूक काढायला.)

चिंचपोकळीकर

उंटाचा एक पाय वर असेल तर स्वार जखमी होऊन मेला, दोन वर असतील तर रणांगणात, आणि चारही वर असतील तर उंट मेला. हे सांगा. हमखास दाद.

ओतारी

ते पायांचं शास्त्र घोड्यांच्या पुतळ्यांनाही लागू पडत नाही, उंटाला कुठून पडणार! पण पायांकडे बघायला जरूर सांगा, वेगळ्या कारणासाठी. उंट चालताना एका अंगाचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम पुढे टाकतो, आधी डावीकडचे, मग उजवीकडचे. म्हणून स्वार आडवा झुलतो. घोडा दुडकीत तिरके पाय जोडीनं टाकतो. घोडे करून हात बसलेला शिल्पकार उंटालाही घोड्याची चाल देऊन बसतो. मानेचा बाक, छातीखालचा घट्टा, गुडघ्यावरचे घट्टे, पसरट तळवे, या जागा तपासल्या की शिल्पकारानं उंट जवळून पाहिलाय की चित्रावरून केलाय ते कळतं. ब्राउन दलातलाच असल्यामुळे इथे खोगीर, बासनं, लगाम यांची मांडणी बघण्याजोगी आहे. ओझ्याचा हिशेब तिथेच बोट दाखवून सांगता येतो. ज्वारीला पेठकरांचा आक्षेप असेल तर पाण्यापासून सुरुवात करावी.

एक इशारा. हे शिल्प खऱ्या उंटाच्या मापाचं नाही, बरंच लहान आहे. भव्य अश्वारूढ पुतळ्याची अपेक्षा ठेवून येणारे "एवढंच?" म्हणतात. आधीच सांगून ठेवा.

वेताळ_टेकडी

ब्राँझ हिरवं-काळं पडलेलं दिसलं की आपले लोक "साफ का करत नाहीत" विचारतात. त्याचं उत्तर पण पत्रकात असू द्या.

ओतारी

हा माझा आवडता विषय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

तो काळपट-हिरवा थर म्हणजे सगळा मळ नव्हे. तांब्याचे क्षार घट्ट बसून पृष्ठभाग झाकतात. सारखा, घट्ट थर खालच्या धातूला बऱ्यापैकी सांभाळतो. वाईट काय, तर ठिपक्यांनी उठणारी फिकट हिरवी भुकटी. नखानं उडते, पुसली तरी ओलाव्यात परत येते. तिथे क्लोराइड आत शिरलेलं असतं आणि ते धातू खात राहतं. बोटांच्या घामातही मीठ असतं, म्हणून फोटोसाठी शिल्पावर चढू नका.

नेहमीची निगा अशी: मऊ केसांचा ब्रश, साधं पाणी आणि उदासीन साबण, आम्ल किंवा अल्कली नसलेला. वरून खाली धुवायचं, भरपूर पाण्यानं साबण काढायचा, पूर्ण सुकू द्यायचं. मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. धातू हलका तापवून लावलं तर मेण बारीक छिद्रांत उतरतं. थंड झाल्यावर मऊ कापडानं घासायचं. मोकळ्या हवेत हा थर साधारण वर्षभर टिकतो, सतत पाऊस लागणाऱ्या आडव्या भागांवर त्याहून कमी. जाड थर दिला की धूळ चिकटते आणि पांढुरके डाग दिसतात. तारेचा ब्रश, चिंच-लिंबू, भांड्याची पावडर, जोरदार पाण्याचा फवारा, यांतलं काहीही नाही. चिंचेनं घासलेलं ब्राँझ आठवडाभर सोन्यासारखं दिसतं आणि मग डागाडागांनी काळवंडतं, कारण वरचा बसलेला थरच गेलेला असतो.

चौथऱ्याचं वेगळं. पोर्टलंड हा चुनखडीचा दगड आहे. पाऊस जिथे धुतो तिथे पांढरा राहतो, आडोशाच्या कोपऱ्यात धुरानं काळा पापुद्रा धरतो. ब्राँझवरून ओघळणारं पाणी त्यावर हिरवे पट्टे काढतं. ते आम्लानं काढायला गेलं तर दगडच विरघळतो, म्हणून लेप लावून हळूहळू ओढून काढावे लागतात आणि ते जाणत्याचंच काम.

वेताळ_टेकडी

आणि आपल्याकडे जयंतीच्या आदल्या रात्री सोनेरी ऑइलपेंट.

ओतारी

तेच. पेंटाखाली ओल अडकते, डोळ्या-ओठांचं कोरीव काम बुजतं आणि पाणी निघायला पोटाखाली ठेवलेली छिद्रंही बुजतात. पोकळ ओतकामात आत दमटपणा कायम साचतो. आत लोखंडी सांगाडा राहिला असेल तर तो गंजून फुगतो आणि बाहेरून ब्राँझला चीर जाते. चार बारीक पायांवर जड धड, ही उंटाच्या ओतकामातली मूळ अडचण. सगळं वजन घोट्यांशी येतं, म्हणून चीर आधी तिथे शोधायची.

भटकी_वहिनी

दुधाचा अभिषेकही यातच धरा. आता उंटाकडे परत या.

वाळूचा_किल्ला

लढायांच्या यादीकडे येतो. पाटीवर वर्षवार नावं आहेत: रोमानी, मगदाबा, रफा, गाझा, बीरशेबा, अम्मान वगैरे. यांतलं अम्मान सोडू नका, कारण उंटांची हद्द कुठे संपते ते तिथे कळतं. मार्च १९१८ च्या शेवटी जॉर्डन नदी ओलांडून अम्मानवर चढाई केली. पाऊस, थंडी, डोंगरातल्या अरुंद निसरड्या वाटा. उंटाचा तळवा गादीसारखा पसरट, वाळूवर उत्तम. ओल्या चिकणमातीवर त्याला पकड नसते. घोड्याला खूर आणि नाल असतो, उंटाला काहीच नाही. पाय फाकले की सांध्यातून फाटतो आणि ओझ्यासकट बसलेला उंट उठत नाही. चौथ्या बटालियननं न्यूझीलंडवाल्यांबरोबर टेकडी ३०३९ घेतली, ती पायीच. अम्मान मिळालं नाही.

त्यानंतर सैन्य जसं उत्तरेला लागवडीच्या, डोंगराळ मुलखात गेलं तसा उंटाचा उपयोग संपला. जून १९१८ मध्ये ऑस्ट्रेलियनांना घोडे देऊन त्यांच्या १४ व्या आणि १५ व्या लाइट हॉर्स रेजिमेंट बनवल्या. ब्रिटिशांच्या दोन कंपन्या मात्र बक्स्टन या अधिकाऱ्याच्या हाताखाली सुएझहून अकाबामार्गे गेल्या आणि ८ ऑगस्ट १९१८ ला हेजाझ रेल्वेवरचं मुदव्वरा स्थानक घेऊन त्यांनी पाण्याची टाकी उडवली. हेजाझचा उल्लेख पाटीवर आहे तो यामुळे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'चं नाव ऐकलेल्यांना हा धागा लगेच जुळतो.

मोडीवाचक

अनावरणाबद्दल एक. पडदा सरकवला सर फिलिप चेटवूड यांनी. रफ्याच्या लढाईच्या वेळी डेझर्ट कॉलम हे सिनाईतलं सैन्यदल त्यांच्याच हाताखाली होतं. हेच पुढे हिंदुस्थानचे सरसेनापती झाले. १९३२ मध्ये डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीचं उद्घाटन त्यांनी केलं, तिथला चेटवूड हॉल त्यांच्याच नावाचा. देशाची सुरक्षा, मान आणि कल्याण आधी, हे तिथलं वचन त्यांच्याच भाषणातलं. ज्यांच्या घरचं कुणी डेहराडूनला शिकलंय त्यांना हा दुवा सगळ्यांत जवळचा वाटेल. ऑस्ट्रेलियाचे ह्यूज आणि न्यूझीलंडचे मॅसी हे पंतप्रधानही अनावरणाला होते. त्या उन्हाळ्यात लंडनला साम्राज्य परिषद भरली होती, म्हणून दोघे तिथे.

पेठेतला_पेठकर

चौथऱ्यावर जे नाहीत त्यांच्याबद्दल कुणी बोलणार का? कॅमल ट्रान्सपोर्ट कोअरचे हजारो इजिप्शियन उंटवाले. लढणाऱ्यांचं पाणी, दारूगोळा आणि जखमी तेच वाहत होते. जखमी उंटाच्या दोन बाजूंना बांधलेल्या खाटल्यांत. झोके असे की हाड मोडलेल्या माणसाला त्यापेक्षा वाळूवर पडून राहणं परवडावं. स्मारक लढणाऱ्या दलाचं आहे हे मान्य, पण पत्रक आपलं आहे.

खडूस_काका

पत्रक एकपानी आहे, पेठकर. आणि पेठेत पार्किंगही नाही.

पेठेतला_पेठकर

एक ओळ पुरते. गंगा रिसाल्यालाही एकच द्या, तेवढी कायप्पाच्या समाधानापुरती.

मोडीवाचक

एकच ओळ असेल तर ही: स्वातंत्र्यानंतर गंगा रिसाला भारतीय सैन्यात आला आणि १३ ग्रेनेडियर्स झाला. प्रजासत्ताक दिनाला राजपथावर उंट चालायचे ते आधी सैन्याचे, १९७६ पासून सीमा सुरक्षा दलाचे. लोकांनी टीव्हीवर पाहिलेले उंट हेच.

चिंचपोकळीकर

त्या बॅटरीतल्या मेलेल्यांची नावं शोधायची तर कुठे? पंजाबातल्या दोघातिघांनी विचारलंय.

मोडीवाचक

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर. पण 'भारतीय सेना' अशी गाळणी लावलीत तर नावं निसटू शकतात. ही बॅटरी भारतीय सेनेचा भाग नव्हती. हाँगकाँग आणि सिंगापूरचा तोफखाना ब्रिटिश रॉयल गॅरिसन आर्टिलरीच्या आस्थापनेवर होता, भरती तेवढी पंजाबातून. म्हणून दलाच्या रकान्यात हाँगकाँग-सिंगापूर टाका, देश मोकळा सोडा, साल १९१६ ते १९१८ धरा. नावाचं स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी द्या, कारण कारकुनानं जसं ऐकलं तसं लिहिलं. नुसतं 'सिंग' किंवा 'खान' टाकलंत तर यादी संपणार नाही. गावाचं आणि वडिलांचं नाव जास्त नोंदींत असतं, जुळवणी त्यावरून करा.

शेजारची माहिती: इजिप्त-पॅलेस्टाइनमध्ये मेलेल्या, थडगं नसलेल्या भारतीय सैनिकांचं स्मारक सुएझजवळ पोर्ट तौफिकला होतं. १९२६ चं, शिल्पकार जॅगरनं घडवलेल्या वाघांसह. १९६७ ते १९७३ च्या इजिप्त-इस्रायल लढायांत ते उद्ध्वस्त झालं. आता ती नावं कैरोच्या हेलिओपोलिस दफनभूमीत आहेत. मराठा पलटणींची सगळी माणसं इथे सापडणार नाहीत. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुतला होत्या, त्यांचा माग बसऱ्याकडे.

भटकी_वहिनी

पाटीवरच्या अक्षरांचे फोटो नीट येत नाहीत. काळ्यावर काळं.

ओतारी

समोरून फ्लॅश मारू नका, धातू चमकतो आणि अक्षर जातं. मोबाइलचा टॉर्च एका बाजूनं पाटीला जवळजवळ टेकवून, प्रकाश तिरका सरपटत जाऊ द्या. अक्षरांच्या कडेला सावली पडते. एकदा डावीकडून आणि एकदा वरून असे दोन फोटो काढा, उभ्या आणि आडव्या रेघा दोन्ही मिळतात. ढगाळ दिवस असेल तर छत्रीनं वरचा उजेड अडवा. खडू किंवा पीठ लावून अक्षरं उठवायचा मोह नको.

नदीकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. मजकुराचा कच्चा खर्डा:

"१९१६ ते १९१८ या काळात इजिप्त, सिनाई आणि पॅलेस्टाइनमध्ये मेलेल्या उंटस्वार दलाचं हे स्मारक. शिल्पकार सेसिल ब्राउन, अनावरण २२ जुलै १९२१, फिलिप चेटवूड यांच्या हस्ते. पाटीवरचे 'इंडियन' म्हणजे हाँगकाँग-सिंगापूर बॅटरीचे पंजाबी मुसलमान आणि शीख गोलंदाज. बिकानेरचा गंगा रिसाला याच आघाडीवर होता, पण वेगळं दल म्हणून. दोन्ही दलांच्या मागे पाणी आणि दारूगोळा वाहणारे इजिप्शियन उंटवाले होते, त्यांचा उल्लेख या चौथऱ्यावर नाही. उंट लढायला नसून पोचायला होता. स्वारासह सुमारे १४५ किलो ओझं: खोगिराला काय लटकलंय ते शोधा."

मोडीवाचक

'मेलेल्या उंटस्वार दलाचं' या वाक्यात अख्खं दल मेलं. "लढाईत, जखमांनी किंवा आजारानं मेलेल्या उंटस्वारांचं" असं करा, अर्पणलेखात तसंच आहे. बाकी छापायला हरकत नाही.

वेताळ_टेकडी

वाट पण छापा. एम्बँकमेंट भुयारी स्थानकातून व्हिलिअर्स स्ट्रीटच्या बाजूनं बाहेर पडलं की बाग लगेच उजवीकडे. नदीच्या दाराने निघालात तर हमरस्त्यावर येता. स्मारक बागेच्या याच टोकाला आहे. कवी बर्न्सचा पुतळा लागला तर थोडं पुढे आलात. अंधार पडला की बाग बंद होते, हिवाळ्यात चारच्या फेरीचा बेत नको. बंद झालीच तर नदीच्या बाजूला क्लिओपात्राची सुई या इजिप्शियन दगडी स्तंभाजवळच्या बाकांना ओतीव लोखंडाचे बसलेले उंट आहेत, मुलांना ते दाखवा.

चिंचपोकळीकर

त्या उंटांवर बसायला परवानगी आहे का?

वेताळ_टेकडी

बाकावर आहे.